पुणे जिल्ह्याची किनारपट्टी

प्रत्येक टीममध्ये एक अलिबागचा प्लॅन असतो. तो कधीच होत नाही. आमच्या टीममध्येही आहे, आणि गेली दोन वर्षं तो "पुढच्या वीकेंडला नक्की" या अवस्थेत व्यवस्थित मुरतोय. दर शुक्रवारी चहाच्या वेळी तो बाहेर निघतो, त्यावर पंधरा मिनिटं जोरदार चर्चा होते, कोण गाडी काढणार, कोणाला नॉनव्हेज चालतं, कोणाला सोमवारी सकाळी क्लायंट कॉल आहे वगैरे वगैरे. मग सगळे आपापल्या जागेवर जातात.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी परिस्थिती अजूनच वाईट होती. शनिवारी रिलीज. म्हणजे हातात फक्त रविवार. पुण्याहून अलिबागला जायचं, यायचं, आणि त्यातला अर्धा दिवस घाटात पुढच्या गाडीचा नंबर पाठ करण्यात घालवायचा, हे कोणालाच पटेना. आमचा टेस्टर दादरचा. त्याचं ठाम मत असं की पुण्यात सगळं आहे, फक्त समुद्र नाही, आणि समुद्र नाही म्हणजे काहीच नाही.

त्यावर आमचा नाशिककर म्हणाला, "तुला किनाऱ्यावर नक्की काय हवंय ते सांग. रिक्वायरमेंट दे."

टेस्टरने बोटं मोजून सांगितलं. मोठं पाणी. त्याच्या कडेकडेने जाणारा वळणाचा रस्ता. वारा. ताजे मासे. आणि गर्दी नको.

"मग डिंभ्याला चला," नाशिककर म्हणाला. "आंबेगाव तालुका. पाचच्या पाचही रिक्वायरमेंट पूर्ण होतात."

डिंभे हे नाव ऐकून मी एकदम गप्प झालो. हे नाव मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. पण नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर) श्रीगोंदा तालुका हे माझं गाव असल्यामुळे, डिंभे ही बघायला जायची जागा असते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे डिंभे ही बातमी असते. "डिंभ्यात किती टक्के झालं?" हा प्रश्न आमच्या घरी ऑगस्ट महिन्यात रोज विचारला जातो, क्रिकेटच्या स्कोअरसारखा. ही काय भानगड आहे ते पुढे येईलच.

असो. रविवारी पहाटे साडेपाचला भोसरीहून निघालो. पाच जण, एक गाडी, आणि टेस्टरने हट्टाने घेतलेला एक फ्रिस्बी. (किनारा म्हटल्यावर फ्रिस्बी हवाच, इति टेस्टर.) चाकणचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत चाकण ओलांडायचं, हा पुणे-नाशिक रस्त्याचा पहिला आणि शेवटचा नियम. तो पाळला तर राजगुरुनगर, मंचर कसे आले ते कळत नाही. मंचरला मिसळ खाल्ली, तिथून डावीकडे वळलो आणि घोडेगाव गाठलं.

इथे पहिली गंमत. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. मग तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव कुठंय? हा प्रश्न आमच्या डिझायनरने विचारला. ती कोल्हापूरची, त्यामुळे तालुका आणि गाव यांची नावं जुळलीच पाहिजेत असा तिचा आग्रह. मॅपवर शोधायला लागली. नाशिककर म्हणाला, "मॅपवर निळ्या रंगात बघ."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण ते खरं आहे. जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. आजूबाजूच्या डोंगरातल्या वाड्यांची ती बाजारपेठ होती. गाव गेलं, तालुक्याचं नाव मात्र राहिलं. आजही त्या तालुक्यातल्या प्रत्येक सातबाऱ्यावर, प्रत्येक दाखल्यावर त्या बुडालेल्या गावाचं नाव छापून येतं.

घोडेगाव, शिनोली करत डिंभ्याला पोचलो. धरणाची भिंत दिसली आणि गाडीतली गाणी आपोआप बंद झाली. घोड नदीवरचं हे धरण. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत जीव देणारे गिरणी कामगार बाबू गेनू, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, पण गाव लक्षात नव्हतं.

थोडे आकडे सांगतो, कारण शेवटी इंजिनियर आहे. :-) कुकडी प्रकल्पात पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पहिली चार जुन्नर तालुक्याची, पाचवं आंबेगावचं. डिंभ्याचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. त्याला साडेबाराने गुणा. मी गुणलं, आणि मग एवढी शून्यं बघून मोबाईल खिशात ठेवून दिला. त्यापेक्षा समोर बघणं सोपं होतं.

धरणाजवळ रस्ते वेगळे होतात. एक पोखरीच्या घाटाने भीमाशंकरला जातो. रविवारची सगळी गर्दी तिकडे. दुसरा पाण्याच्या कडेकडेने आहुप्याकडे. आम्ही दुसरा पकडला, आणि पुढचे दोन तास गाडीत एकही शहाणपणाचं वाक्य कोणी बोललं नाही. फक्त "अरे ते बघ", "थांब थांब", "इकडे बघ".

रस्ता एखाद्या डोंगराच्या नाकाला वळसा घालतो, पाणी नाहीसं होतं, मग एकदम दुसऱ्या बाजूने समोर येतं. डोंगराची बोटं पाण्यात शिरलेली आणि पाण्याची बोटं डोंगरात. कोकणातल्या खाड्यांची आठवण यावी असंच सगळं. पळस संपत आलेला, पांगारा ऐन भरात. वर डोंगरउतारावर भातखाचरांच्या पायऱ्या. त्या पायऱ्या करायच्या पद्धतीला इथे पडकई म्हणतात. उतारावर दगडांचे बांध घालून वाहून जाणारी माती अडवायची आणि वर्षावर्षाने एकेक खाचर तयार करायचं. हे काम एकट्यादुकट्याचं नाही, चार घरांनी मिळून करायचं. टेस्टरने दर वळणाला "हे दिवेआगरपेक्षा भारी आहे" असं सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली.

पण एक गोष्ट खटकत होती. समुद्राच्या किनाऱ्यावर वाळू असते, माड असतात, पाणी आणि जमीन यांची एकमेकांशी ओळख असते. इथे झाडी वरच थांबते आणि पाणी खाली सुरू होतं. मध्ये तांबूस-करड्या मातीचा एक उघडा पट्टा, जणू कोणी रंगवायचा सोडून दिलाय. रिकाम्या होत आलेल्या टाकीच्या आत पाण्याच्या खुणा उमटलेल्या असतात ना, तसा.

या किनाऱ्यालाही भरती-ओहोटी असते. दिवसातून दोनदा नाही, वर्षातून एकदा. जुलै-ऑगस्टमध्ये भरती, मग हळूहळू मे अखेरपर्यंत ओहोटी. आणि इथल्या ओहोटीचं वेळापत्रक चंद्र ठरवत नाही, कालवा सल्लागार समिती ठरवते.

एका वळणावर त्या तांबूस पट्ट्यात चक्क हिरवं शेत दिसलं. हरभरा काढून झालेला, शेजारी गहू पिवळा पडत आलेला, आणि खाली अगदी पाण्यालगत भुईमूग. गाडी लावली आणि उतरलो. फ्रिस्बी गाडीतच राहिला.

शेतात एक म्हातारेबाबा होते. डोक्याला टॉवेल, हातात विळा. आम्हाला बघून त्यांना काही नवल वाटलं नाही, रविवारी गाड्या थांबत असणार.

"फोटो काढा, पण भुईमुगात पाय ठेवू नका," एवढंच म्हणाले.

आम्ही बांधावर बसलो. मग तेही येऊन बसले. नाशिककराने विचारलं, "बाबा, ही जमीन कोणाची?"

"बापाची व्हती. आता खात्याची."

खातं म्हणजे पाटबंधारे खातं. धरणाचं पाणी उतरलं की खालून जी गाळाची जमीन वर येते, तिला गाळपेर म्हणतात. ती खात्याच्या मालकीची, आणि दरवर्षी भाड्याने कसायला घ्यायची. बाबांचं साधं गणित होतं. पाणी उतरलं की करायची, चढलं की सोडायची. स्वतःच्या बापाच्या शेतात पावती फाडून पेरायचं, आणि ते शेतही वर्षातून चार-सहा महिनेच हातात येतं.

"आन घर?" डिझायनरने विचारलं. कोल्हापूरची असल्यामुळे ती लगेच तिथल्या सुरात बोलायला लागते.

बाबांनी विळ्यानेच दाखवलं. समोर पाण्यात एक वाळकं खोड उभं होतं, त्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला. "त्या खोडाच्या पल्याड. मे महिन्यात या, जोतं दिसंल. आमच्या दारात आंबा व्हता, त्योच त्यो."

आम्ही पाचही जण त्या पाणकावळ्याकडे बघत बसलो. त्याच झाडाचा मी दहा मिनिटांपूर्वी फोटो काढला होता, फ्रेम चांगली आली म्हणून.

बाबांनी सांगितलेलं सगळं इथे लिहीत नाही. थोडक्यात असं, की गाव उठलं तेव्हा काहीजण खाली पूर्वेकडे गेले, काहीजण वर डोंगराला सरकले. बाबांचं घर वर सरकलं. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. भात, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्यात जंगलातला हिरडा हा त्यांचा संसार. भाताची चांगली जमीन नदीकाठी होती, तीच आधी गेली. पोहता येणारे होते, पण मासेमारी हा धंदा नव्हता. नदीत आणि जलाशयात फरक असतो. मग शिकले. जाळी विणायला, ट्रकच्या ट्यूबवर बसून खोल पाण्यात जायला. पुढे इथल्या आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेने या भागात अनेक वर्षं काम केलं. गाळपेर जमिनीवरचा हक्क, मासेमारी, पडकई या सगळ्यासाठी. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार शाश्वतला मिळाला. ज्या पाण्याने घर बुडवलं त्याच पाण्यातून रोजी काढायची, हे शिकायला कुठलंही कॉलेज नाही.

मग बाबांनी विचारलं, "तुम्ही कुठलं?"

"पुण्याचे," टेस्टर म्हणाला. (दादरकराने हे म्हणावं! स्क्रीनशॉट घेता आला असता तर घेतला असता.)

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "ह्ये पाव्हणं न्हाय पुण्याचं वाटत."

"मी श्रीगोंद्याचा," मी म्हणालो.

"म्हंजी आमचं पाणी तुमच्याकडं जातंय."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. आवाजात टोमणा नव्हता. आपल्या गावची मुलगी ज्या गावात दिलीय त्या गावचा माणूस भेटल्यावर बोलावं तसं. आणि मग पुढचा प्रश्न:

"पोचतं का?"

आता ती भानगड सांगतो. डिंभ्याचा डावा कालवा निघतो तो जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणात पाणी आणून सोडतो. येडगावातून कुकडीचा डावा कालवा निघतो. तो जवळजवळ अडीचशे किलोमीटर लांब आहे. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत. कालव्याच्या सुरुवातीला म्हणतात हेड, शेवटाला म्हणतात टेल. आमच्याकडे अंगठेबहाद्दर माणूसही हे दोन इंग्रजी शब्द बरोबर वापरतो. आमची चारी टेलला.

टेलला राहणाऱ्या माणसाचं बालपण कसं असतं? आवर्तन सुटलं अशी बातमी येते. मग पाणी कुठपर्यंत आलं याच्या बातम्या येतात. पाटकरी येऊन पाळी सांगून जातो. पाळी बहुतेक रात्रीची. मग वडिलांबरोबर टॉर्च घेऊन दारं धरायला जायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दारं धरणं म्हणजे एका वाफ्याचं तोंड फोडून पाणी आत घ्यायचं, भरला की ते मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. रात्रभर. थंडीत पाय बधिर होतात. पण चारीतून येणाऱ्या पाण्याचा पहिला आवाज ऐकला की घरातल्या सगळ्यांचे चेहरे बदलतात. आमच्याकडे वर्षाचा पाऊस जेमतेम, पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्यावर ऊस येत नाही. ऊस आला तो या पाण्यावर. उसाचं बिल आलं की माझी इंजिनियरिंगची फी भरली जायची. चारही वर्षं.

म्हणजे माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटवर विद्यापीठाचा शिक्का आहे, पण पाण्याला धरून उलटं वर वर चालत गेलात तर तुम्ही त्या पाणकावळ्याच्या झाडापाशी पोचता.

हे मला नव्याने कळलं असं नाही. पाणी धरणातून येतं हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. पण आमच्याकडे पाणी "वरून" येतं. "वरून सोडलं", "वर अडवलं", "वरच्यांनी ओढलं". आमच्या भाषेत वर म्हणजे जिथे पाणी भरपूर आहे आणि माणसं मजेत आहेत अशी जागा. आता मी त्या वरच्याही वर बसलो होतो, आणि इथल्या माणसाचं शेत पाण्याखाली होतं.

"बाबा, कधी पोचतं," मी म्हणालो, "कधी टेलला नाही पोचत."

बाबांनी विचार केला. अगदी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "हितनं तर जातंय. मंग जातं कुठं?"

याचं तांत्रिक उत्तर मला येतं. काही पाणी उन्हाने उडतं, काही कालव्याच्या भेगांतून झिरपतं, काही वाटेत मोटारी टाकून उचललं जातं, आणि हेडला ऊस वाढला की टेलचं आवर्तन लांबतं. डेटा पाठवला तेवढा पोचला नाही तर आम्ही प्रत्येक टप्प्यावरचा लॉग काढून बघतो, कुठे गळाला ते दहा मिनिटांत सापडतं. इथे अडीचशे किलोमीटर आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर एक तालुका, एक आमदार आणि हजारो मोटारी. डिंभ्याचं पाणी बोगद्याने माणिकडोहात न्यायच्या प्रस्तावावरूनही वर्षानुवर्षं वाद झाले. आंबेगाव-जुन्नर एका बाजूला, नगरकडचे तालुके दुसऱ्या बाजूला. त्या वादात मी कायम आमच्या बाजूचा होतो. दुसऱ्या बाजूला नेमकं कोण असतं, ते मात्र कधी समोर बसून बघितलं नव्हतं.

त्यातलं मी बाबांना काहीच सांगितलं नाही. ते म्हणाले, "पोचाय पायजे. येवढं बुडवलंय तर पोचाय पायजे."

आणि उठून भुईमुगात गेले.

तिथून पुढे गाडीत बराच वेळ शांतता होती. जेवायला रस्त्यावरच्याच एका गावात एका मावशींनी घरी करून दिलं. नाचणीची भाकरी, कटल्याचं लालभडक कालवण, भात. मासा सकाळचा, बाबांच्या समोरच्याच पाण्यातला. डिझायनर शाकाहारी, तिला पिठलं मिळालं आणि तिने ते आम्हा चौघांच्या कालवणापेक्षा भारी असल्याचं जाहीर केलं. मावशींच्या अंगणात बाळहिरडा वाळत घातला होता, छोटे हिरवट-काळे मणी पसरल्यासारखे. अंगण ओलांडताना आम्ही सगळे पाय उचलून उचलून चालत होतो.

रस्त्यात माळीणकडे जाणारा फाटा लागतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली, ते माळीण. नेहमीच्या एसटीच्या ड्रायव्हरला वळणावर गाव दिसलं नाही, आणि त्यातून बाहेरच्या जगाला कळलं. २०१७ मध्ये आमडे गावाच्या हद्दीत नवं माळीण वसवलं. आम्ही फाट्यावर गाडी थांबवली, उतरलो, दोन मिनिटं उभे राहिलो. फोटो कोणी काढला नाही. या तालुक्यात एक गाव पाण्याखाली आहे आणि एक मातीखाली, आणि दोन्हींच्या मधून जाणारा रस्ता इतका सुंदर आहे की गाडी चालवणाऱ्याने बाजूला बघू नये.

आहुपे आलं आणि जमीन संपली. अक्षरशः. गावापुढे थोडं चालत गेलं की कड्याचं टोक, आणि खाली एकदम कोकण. गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके वरून खेळण्यातले वाटतात. मागे देवराई, आत शिरलं की मार्चच्या उन्हातही गारवा. कड्यावर इतका वारा की टेस्टरने अखेर फ्रिस्बी काढला, एकदा फेकला, तो वाऱ्याने उलटा येऊन नाशिककराच्या कानाला लागला, आणि खेळ संपला.

टेस्टर पश्चिमेला डोळे बारीक करून बघत होता. "समुद्र दिसतो का रे इथून?"

नाही दिसत. पण समुद्राचा रस्ता दिसतो. उत्तरेला याच कड्याच्या रांगेत नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल बैलांच्या पाठीवर तिथून चढून जुन्नरला यायचा. सातवाहन राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही घाटाच्या तोंडाशी आहे. म्हणजे हा भाग एका अर्थी किनारपट्टीचा मागचा दरवाजाच.

आणि पाण्याचं म्हणाल तर हा कडा म्हणजे एक बांध आहे. पाऊस या टोकाच्या पलीकडे पडला तर काही तासांत अरबी समुद्राच्या वाटेला लागतो. दोन पावलं अलीकडे पडला तर घोड नदीत जातो. घोडचा उगम इथलाच. मग डिंभे, मग शिरूर, (ज्याला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात), मग आमच्या श्रीगोंदा तालुक्याची शीव, मग भीमा, कृष्णा आणि थेट बंगालचा उपसागर. दोन पावलांचा फरक. मी उगाचच एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे टाकून बघितलं. डिझायनरने त्याचा व्हिडिओ केलाय, तो कृपया कोणी मागू नये.

परत येताना मी एक हट्ट केला. घोडेगावहून सरळ मंचरला न जाता जुन्नर, नारायणगाव करत येडगावला जायचं. वाट वाकडी होती, पण गाडीवाल्या नाशिककराने काही विचारलं नाही, स्टिअरिंग वळवलं. पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. येडगावचं धरण डिंभ्यासारखं डोंगरात लपलेलं नाही, उघड्यावर पसरलेलं आहे. कालवा सुरू होतो तिथे जाऊन उभा राहिलो. आवर्तन चालू होतं. काँक्रीटच्या दोन भिंतींमधून करडं पाणी आवाज न करता पण भलत्या जोरात पूर्वेला निघालं होतं. आमच्या चारीला येतं तेव्हा हे पाणी दमलेलं असतं, गुडघाभर. इथे मात्र तरणंताठं.

वडिलांना फोन लावला.

"येडगावला आलोय," म्हटलं. "कालव्यावर उभा आहे. पाणी चांगलं चाललंय."

"डिंभ्यात किती हाय?" पहिला प्रश्न अर्थातच हाच.

"बघून आलो. निम्मं असेल."

"मग उन्हाळी आवर्तन होईल," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. मग मी त्यांना गाळपेरवाल्या बाबांचं सांगितलं. आंब्याचं झाड, जोतं, पावती, भुईमूग. वडील जास्त बोलणारे नाहीत. मध्ये एकदा फक्त विचारलं, "किती वर्षाचे असतील?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे." मग बाबांनी काय विचारलं तेही सांगितलं.

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

"त्यांना सांग," वडील म्हणाले, "यंदा पोचलं म्हणाव. परवा राती आपली पाळी झाली. पूर्ण भिजलं."

तर मंडळी, हे सांगायला मला पुन्हा जायचंय. फोनवर सांगता येणार नाही, कारण बाबांकडे फोन नव्हता. पावसाळ्यात जाऊन उपयोग नाही, कारण तेव्हा ते बांध, तो भुईमूग आणि बसायची ती जागा पाण्याखाली असेल. म्हणजे मे संपायच्या आत. टेस्टर येतो म्हणालाय. वडिलांनाही विचारलंय, ते म्हणाले, "बघू, ऊस तुटू दे."

तुम्हाला जायचं असेल तर सांगतो. पुणे, मंचर, घोडेगाव, डिंभे, आणि तिथून पाण्याच्या कडेने आहुपे. पहाटे निघालात तर एका दिवसात आरामात होतं. डिंभ्याच्या पुढे पेट्रोल आणि मोबाईलची रेंज, दोन्हींचा भरवसा धरू नका. मासे तिथेच, पकडणाऱ्याकडूनच विकत घ्या. पाणी खोल आहे आणि तळ चिखलाचा, त्यामुळे पोहायचा मोह टाळा. आणि पाण्यालगत हिरवं काही दिसलं तर फोटो जरूर काढा, पण भुईमुगात पाय ठेवू नका.